टॉप क्वार्कचे युकावा युग्मन : नागपुरातील एका एम.एस्सी. प्रकल्पाच्या नोंदी

९ जानेवारी २०२५

शेवटच्या सत्राच्या प्रकल्पासाठी यंदा माझ्याकडे दोन विद्यार्थी आले आहेत. एक कामठीहून रोज ये-जा करणारा, दुसरी वर्ध्याची, वसतिगृहात राहणारी. दोघांनाही मूलकणांवर काम करायचे आहे, आणि त्यासाठी आमच्या विभागाजवळ आहे तो एक फळा, चार जुने संगणक आणि बऱ्यापैकी इंटरनेट. तेव्हा प्रकल्प कागद-पेन्सिलीचा असावा, पण त्याचा शेवट प्रत्यक्ष मोजलेल्या आकड्यापाशी व्हावा, एवढे मी आधीच ठरवले होते. विषय टॉप क्वार्क या सर्वांत जड मूलकणाच्या युकावा युग्मनाचा, म्हणजे सबंध विश्वात पसरलेल्या हिग्ज क्षेत्राशी तो किती घट्ट बांधलेला आहे हे सांगणाऱ्या आकड्याचा. या युग्मनाबद्दल कोणत्या क्षयातून, म्हणजे कण मोडण्यातून, किती कळते, हे स्वतः गणित करून पाहायचे.

विषय सांगून होतो न होतो तोच कामठीच्या विद्यार्थ्याने विचारले, "मॅडम, वस्तुमानाला दोनच्या वर्गमुळाने गुणायचं आणि २४६ ने भागायचं, की युग्मन आलंच ना? मग प्रकल्प कशाचा?" प्रश्न रास्त आहे, किंबहुना सबंध प्रकल्पाचा प्रश्न हाच आहे. प्रमाण प्रतिकृतीत (स्टँडर्ड मॉडेल, म्हणजे मूलकणांच्या आजच्या मान्य सिद्धांतात) कणाचे वस्तुमान आणि त्याचे हिग्ज क्षेत्राच्या कणाशी, हिग्ज बोसॉनशी, असलेले युग्मन ही एकाच स्थिरांकाची दोन रूपे आहेत. परंतु ही प्रतिकृतीची अट झाली, मोजमाप नव्हे. निसर्ग ती अट पाळतो की नाही हे पाहायचे, तर वस्तुमान एका वाटेने आणि युग्मन दुसऱ्या वाटेने मोजावे लागते आणि मगच दोन्ही शेजारी ठेवता येतात. वहीच्या पहिल्या पानावर त्याचाच प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायला मी त्याला सांगितले.

१६ जानेवारी २०२५

आज २४६ हा आकडा कुठून येतो ते केले. म्युऑनच्या (इलेक्ट्रॉनच्या जातीच्या, क्षणभर टिकणाऱ्या कणाच्या) आयुर्मानावरून कमकुवत बलाची ताकद सांगणारा फर्मी स्थिरांक अतिशय अचूक मोजलेला आहे : १.१६६४ गुणिले १० चा उणे ५ वा घात, प्रति जीईव्ही वर्ग (जीईव्ही म्हणजे अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचे आणि इथे वस्तुमानाचेही एकक). त्याला दोनच्या वर्गमुळाने गुणून, व्यस्त घेऊन वर्गमूळ काढले की २४६.२२ जीईव्ही मिळतात. निर्वातातील हिग्ज क्षेत्राचे मूल्य ते हेच. म्युऑनसारख्या हलक्या कणाच्या क्षयातून सबंध विश्वात पसरलेल्या क्षेत्राचे मूल्य हाती येते, याचे विद्यार्थिनीला फार अप्रूप वाटले. मला ते इतक्या वर्षांनंतरही वाटते.

टॉपचे वस्तुमान १७२.५ जीईव्ही धरले, तर युग्मन ०.९९१ येते. इलेक्ट्रॉनचे येते १० लाखांत सुमारे ३, म्युऑनचे ०.०००६१, त्याच जातीच्या टाऊचे ०.०१०. बॉटम क्वार्कसाठी ४.१८ जीईव्ही घेतले की ०.०२४. एकाच सूत्राने बसवलेल्या या आकड्यांत तीन लाखांहून अधिक पटींचा फरक का असावा, याला प्रमाण प्रतिकृतीजवळ उत्तर नाही. हे आकडे तिला बाहेरून पुरवावे लागतात.

०.९९१ पाहून दोघेही खूश झाले, कारण "जवळजवळ बरोबर एक" हे त्यांनी कुठेतरी वाचले होते. या खुशीवर मला थोडे पाणी टाकावे लागले. १७२.५ हे टॉपचे ध्रुव-वस्तुमान म्हणतात ते आहे. क्वार्क ज्या ग्लुऑनांच्या, म्हणजे तीव्र बल वाहणाऱ्या कणांच्या, मेघात वावरतो त्यांचा हिशेब दुसऱ्या पद्धतीने मांडून, टॉपच्याच ऊर्जेपाशी चालते, म्हणजे ऊर्जेनुसार बदलणारे, वस्तुमान काढले, तर ते सुमारे १६३ जीईव्ही येते आणि युग्मन ०.९४ वर उतरते. ऊर्जा वाढवत नेली की ते आणखी घसरते. तेव्हा "एक" या आकड्यात काही गूढ संदेश आहे असे मानणाऱ्यांनी आधी कोणत्या पद्धतीतला एक ते सांगावे. युग्मन एकाच्या आसपास आहे, म्हणजे टॉप हिग्जशी घट्ट बांधलेला आहे, एवढेच खात्रीने म्हणावे आणि पुढे जावे.

३० जानेवारी २०२५

टॉपचा क्षय. टॉप क्वार्क जवळजवळ नेहमीच बॉटम क्वार्क आणि कमकुवत बल वाहणारा डब्ल्यू बोसॉन यांत मोडतो. अमेरिकेतील फर्मीलॅबच्या टेव्हाट्रॉन या कण-टक्करयंत्रावर १९९५ मध्ये सीडीएफ आणि डी-झिरो या दोन गटांनी तो ओळखला तोही याच खुणेवरून. बॉटमचे वस्तुमान सोडून दिले, तर क्षयरुंदीचे (कण किती लवकर मोडतो ते सांगणाऱ्या आकड्याचे) सूत्र फळ्याच्या एका ओळीत मावते. फर्मी स्थिरांकाला टॉपच्या वस्तुमानाच्या घनाने गुणायचे, ८ गुणिले पाय गुणिले दोनचे वर्गमूळ याने भागायचे, आणि मग डब्ल्यूच्या वस्तुमानामुळे येणारे दोन कंस लावायचे. पहिला भाग १.६८४ जीईव्ही आला. डब्ल्यू आणि टॉप यांच्या वस्तुमानांच्या गुणोत्तराचा वर्ग ०.२१७ आहे, त्यामुळे कंसांचा, म्हणजे (१ उणे ०.२१७) चा वर्ग आणि (१ अधिक दोनदा ०.२१७) यांचा, गुणाकार ०.८७९ आणि रुंदी १.४८ जीईव्ही. ग्लुऑनांची पहिली दुरुस्ती लावली की ती नऊ-साडेनऊ टक्क्यांनी कमी होऊन १.३४ वर येते. अधिक बारकाईने केलेल्या गणितांत ती सुमारे १.३२ मिळते, म्हणजे आमचे दोन पानांचे गणित फार मागे नाही. जिनिव्हाजवळच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरवरील सीएमएस प्रयोगाने २०१४ मध्ये अप्रत्यक्ष मार्गाने काढलेली रुंदी १.३६ जीईव्ही होती.

आयुर्मान सुमारे १० च्या उणे २५ व्या घाताच्या पाचपट सेकंद. क्वार्कभोवती इतर क्वार्क गोळा होऊन हॅड्रॉन बनायला साधारण याच्या सहा-सातपट वेळ लागतो. म्हणून टॉप एकटाच जन्मतो, एकटाच मोडतो, आणि त्याच्या स्पिनची माहिती न पुसता त्याच्या तुकड्यांत उतरते.

आता आजचा खरा मुद्दा. त्या सूत्रातला फर्मी स्थिरांक काढून त्या जागी २४६ चा वर्ग घाला, आणि वस्तुमानाच्या घनातले दोन घात युग्मनाच्या वर्गात बदला. पहिला भाग होतो : युग्मनाचा वर्ग गुणिले टॉपचे वस्तुमान, भागिले ३२ गुणिले पाय. विद्यार्थिनीने पडताळा घेतला : ०.९८१७ गुणिले १७२.५ भागिले १००.५३, उत्तर पुन्हा १.६८४. कमकुवत बलाचा क्षय म्हणून पाठ्यपुस्तकात शिकलो तो क्षय मुळात युकावा क्षय निघाला, त्यात कमकुवत बलाच्या ताकदीचे, म्हणजे गेज युग्मनाचे, नावही उरले नाही. दोघे बराच वेळ फळ्याकडे बघत उभे होते. पुढचे काही मी आज सांगितले नाही.

६ फेब्रुवारी २०२५

मागच्या गुरुवारचे कोडे. हिग्ज क्षेत्राला चार घटक असतात. त्यांतले तीन डब्ल्यूच्या दोन्ही विद्युतभारांत आणि त्याच बलाच्या झेड कणात विरून त्यांना वस्तुमान देतात, चौथा हिग्ज बोसॉन म्हणून उरतो. विरलेले तीन घटक नाहीसे होत नाहीत. वस्तुमान असलेल्या डब्ल्यूला गतीच्या दिशेने असलेले, म्हणजे अनुदैर्घ्य ध्रुवण मिळते ते याच घटकांच्या रूपाने. टॉपचे वस्तुमान डब्ल्यूच्या दुपटीहून जास्त असल्याने क्षयातून निघणारा डब्ल्यू प्रामुख्याने हा "गिळलेला हिग्ज" असतो.

किती प्रामुख्याने, तेही त्याच दोन कंसांतून निघते. दुसऱ्या कंसातला एक अनुदैर्घ्य डब्ल्यूचा आणि दोनदा ०.२१७ आडव्या ध्रुवणाचा, म्हणून वाटा १ भागिले १.४३४ म्हणजे ०.६९७. उरलेले जवळपास सगळे डावखुरे डब्ल्यू, म्हणजे गतीच्या उलट दिशेने स्पिन असलेले. उजवे निघू शकत नाहीत, कारण कमकुवत बल बॉटम क्वार्कला डावखुराच बाहेर काढते आणि कोनीय संवेगाचा हिशेब मग जुळत नाही. ८ टीईव्हीच्या (टीईव्ही म्हणजे हजार जीईव्ही) टकरींवरून ॲटलस आणि सीएमएस या त्याच यंत्रावरील दोन प्रयोगांनी २०२० मध्ये एकत्रितपणे दिलेला आकडा ०.६९३ आहे, त्यातली अनिश्चितता ०.०१४. हे ध्रुवण ते डब्ल्यूमधून निघणाऱ्या इलेक्ट्रॉन किंवा म्युऑनच्या कोनावरून ओळखतात.

इथे माझा कामठीचा विद्यार्थी पुन्हा विजयी मुद्रेने म्हणाला, "म्हणजे क्षयावरून युग्मन मोजून झालं." नाही झाले. हा क्षय युकावा युग्मनाच्या त्या भागाशी बोलतो, जो गिळलेल्या घटकांशी बांधलेला आहे, आणि तो भाग गेज सममितीमुळे (बलांच्या गणिताचा पाया असलेल्या नियमामुळे) वस्तुमानाशी कायमचा जखडलेला आहे. वस्तुमान १७२.५ असेल तर तो दुसरा काही असूच शकत नाही. चौथ्या, मोकळ्या घटकाशी टॉप त्याच ताकदीने बांधलेला आहे का, हे टॉपच्या स्वतःच्या क्षयाला ठाऊक नसते. प्रतिकृतीत ते दोन्ही सारखे असतात. प्रतिकृतीबाहेर, उदाहरणार्थ हिग्जसारखी दोन क्षेत्रे असतील तर, तसे असण्याचे बंधन नाही.

वहीत एक तक्ता आखायला सांगितला. पहिल्या स्तंभात प्रक्रिया, दुसऱ्यात आकडा, तिसऱ्यात "गृहीत". प्रकल्पाचे मोल तिसऱ्या स्तंभात आहे असे मला आजच वाटू लागले आहे.

२० फेब्रुवारी २०२५

अंतर्गत परीक्षा, काम बंद. विद्यार्थिनीने वसतिगृहात बसून क्षयरुंदीचे गणित बॉटमच्या वस्तुमानासह पुन्हा केले. फरक इतका किरकोळ की तो परिशिष्टात टाकला.

६ मार्च २०२५

आता हिग्जच्या बाजूने. १२५ जीईव्हीचा हिग्ज दोन टॉपमध्ये मोडू शकत नाही, कारण त्यासाठी ३४५ जीईव्ही लागतात. त्याच्या शंभर क्षयांतले ५८ बॉटमच्या जोडीत, २१ दोन डब्ल्यूंत आणि सुमारे ६ टाऊच्या जोडीत जातात. टॉपशी सगळ्यांत घट्ट नाते असूनही टॉप या यादीत नाही. तो दिसतो तो लूपमध्ये, म्हणजे क्षयाच्या मधल्या टप्प्यात, क्षणभर, स्वतः बाहेर न पडता : दोन ग्लुऑनांच्या क्षयात, ज्याचा वाटा सुमारे ८ टक्के, आणि दोन फोटॉनांच्या क्षयात, ज्याचा वाटा ०.२३ टक्के.

टॉपच्या लूपचा आयाम (ज्याच्या वर्गावरून प्रक्रियेचे प्रमाण ठरते तो आकडा) काढण्याचे काम कामठीच्या विद्यार्थ्याकडे होते. सूत्रात आधी हिग्जचे वस्तुमान भागिले टॉपचे दुप्पट वस्तुमान, हे गुणोत्तर लागते : १२५.२५ भागिले ३४५, म्हणजे ०.३६३०, वर्ग ०.१३१८. मग त्या गुणोत्तराचा व्यस्त साइन घेऊन त्याचाही वर्ग करायचा, त्याला एक उणे ०.१३१८ ने गुणायचे, ते ०.१३१८ मधून वजा करायचे, आलेल्याची दुप्पट करून ०.१३१८ च्या वर्गाने भागायचे. त्याचे उत्तर १.३४ आले. टॉप अनंत जड मानला तर हे मूल्य ४ भागिले ३, म्हणजे १.३३३ येते हे त्याला माहीत होते, त्यामुळे १.३४ पाहून त्याने समाधानाने खाली दोन रेघा ओढल्या होत्या. मीही आधी मान डोलावली. विद्यार्थिनीने तेच संगणकावर केले आणि उत्तर आले १.३७७.

पाऊण तास शोधल्यावर कळले. त्याने कॅल्क्युलेटरवर व्यस्त साइन काढून ०.३७१५ चे ०.३७२ केले होते, तीन दशांश स्थळे पुरेत म्हणून. एवढ्याने काय बिघडते? वजाबाकीत बिघडते. ०.१३१८ मधून ०.११९८ वजा करायचे आहेत, उरते ०.०१२०. मूळ आकड्यातली हजारात एक-दीडची चूक वर्ग होऊन दुप्पट होते आणि जवळपास सगळे एकमेकांना खाऊन टाकणाऱ्या या वजाबाकीत दहापट फुगते. उत्तर अडीच टक्क्यांनी चुकले. दोन फोटॉनांच्या क्षयरुंदीत याचा परिणाम दीड टक्क्याच्या आतच राहिला असता, म्हणजे कुणाच्या लक्षातही आले नसते. मला खटकले ते वेगळेच : चुकीचे उत्तर अपेक्षित उत्तराच्या इतके जवळ होते की आम्ही ते तपासायचे थांबलो. ते पान फाडू नकोस, परिशिष्टात लाव, असे त्याला सांगितले. तो जरा हिरमुसला, पण लावले.

आयाम जड मर्यादेत शून्यावर न जाता ४ भागिले ३ वर थबकतो, ही बाब साधी नाही. कण जितका जड तितका लूपमध्ये निर्माण व्हायला अवघड, पण त्याचे हिग्जशी युग्मनही त्याच प्रमाणात मोठे, आणि दोन्ही एकमेकांना छेदतात. म्हणूनच क्वार्कांची चौथी जड पिढी असती आणि तिला वस्तुमान याच रीतीने मिळाले असते, तर दोन ग्लुऑनांपासून हिग्ज बनण्याचे प्रमाण सुमारे नऊपट झाले असते, कारण एकाऐवजी तीन सारखे आयाम मिळून त्यांचा वर्ग झाला असता. तसे दिसलेले नाही.

१२ मार्च २०२५

उद्या होळी, त्यामुळे अर्धाच दिवस. दोन फोटॉनांच्या क्षयात टॉपखेरीज डब्ल्यूचाही लूप असतो. डब्ल्यूचा आयाम उणे ८.३३ आला. टॉपचा १.३७७ गुणिले तीन रंग (क्वार्कांचे तीव्र बलाचे तीन भार) गुणिले विद्युतभाराचा वर्ग, म्हणजे ४ भागिले ९, मिळून अधिक १.८४. बेरीज उणे ६.४९. वर्ग करून बाकीचे स्थिरांक लावले की क्षयरुंदी ९.२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. हिग्जची एकूण रुंदी सुमारे ४.१ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट, तिच्याशी गुणोत्तर घेतले की ०.२२ टक्के. छापील ०.२३ च्या इतके जवळ आल्यावर वर्ध्याच्या मुलीने सगळ्यांना चहा पाजला.

चिन्हे विरुद्ध आहेत, हे या गणिताचे मर्म आहे. टॉप इथे डब्ल्यूच्या कामात खोडा घालतो. युग्मनाचे चिन्ह उलटे असते तर दोन्ही मिळून १०.१७ झाले असते आणि रुंदी जवळजवळ अडीचपट. ग्लुऑनांच्या लूपमध्ये डब्ल्यू नसल्याने तिथे चिन्ह वर्गात हरवते. फोटॉनांच्या क्षयात ते हरवत नाही. तक्त्याच्या तिसऱ्या स्तंभात मात्र लिहावे लागले : लूपमध्ये टॉप आणि डब्ल्यूखेरीज कोणताही अनोळखी कण नाही असे गृहीत. लूपमध्ये कोण फिरते हे बाहेरून दिसत नाही, दिसते ती फक्त बेरीज.

२७ मार्च २०२५

लूपचे गृहीत टाळायचे तर टॉप आणि हिग्ज दोघेही प्रत्यक्ष बाहेर पडले पाहिजेत. लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये टॉप, प्रतिटॉप आणि हिग्ज एकत्र निर्माण होतात, त्याचा १३ टीईव्हीला अपेक्षित काटछेद, म्हणजे अशी घटना घडण्याच्या शक्यतेचे माप, ५०७ फेम्टोबार्न. यंत्राच्या दुसऱ्या सत्रात प्रत्येक प्रयोगाला मिळालेल्या सुमारे १४० प्रति फेम्टोबार्न विदेत (टकरींच्या नोंदींत; काटछेदाला या आकड्याने गुणले की घटना मिळतात) अशा घटना होतात ७१ हजार. ऐकायला पुष्कळ. पण हिग्जविना नुसत्या टॉप-जोड्या त्याच काळात साडेअकरा कोटींहून अधिक, म्हणजे दर १,६४० जोड्यांमागे एकीला हिग्ज चिकटलेला. त्यातही हिग्ज बहुतेक वेळा बॉटमच्या जोडीत मोडतो आणि प्रत्येक टॉपमधूनही एकेक बॉटम येतो, तेव्हा चार बॉटमांपैकी हिग्जचे दोन कोणते हा गुंता उरतोच, शिवाय ग्लुऑनापासून निघालेली बॉटमची जोडी हुबेहूब तशीच दिसते.

सीएमएसने २०१८ मध्ये ५.२ सिग्माने (सिग्मा म्हणजे निव्वळ योगायोग नसल्याच्या खात्रीचे माप) ही प्रक्रिया दिसल्याचे जाहीर केले, ॲटलसने त्याच वर्षी ६.३ सिग्माने. सीएमएसला अपेक्षेच्या १.२६ पट घटना मिळाल्या होत्या, अनिश्चितता वर ०.३१ आणि खाली ०.२६. घटनांची संख्या युग्मनाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने युग्मन १.१२ पट. वस्तुमानातून येणारे एक आणि हे, दोन्ही अनिश्चिततेच्या आत सारखे. जानेवारीतल्या पहिल्या पानावरच्या प्रश्नाचे थेट उत्तर याच ओळीत आहे, आणि ते तेव्हा बारा टक्क्यांच्या आसपासच्या अचूकतेने मिळाले होते.

विद्यार्थ्यांना स्वतः विदा हाताळायची हौस होती. ॲटलसने शिक्षणासाठी २०२० मध्ये खुली केलेली विदा १० प्रति फेम्टोबार्नची आहे. उतरवून घेण्याआधी गणित करा म्हटले. ५०७ गुणिले १० गुणिले ०.००२२७ : टॉपच्या जोडीसह आलेले आणि दोन फोटॉनांत मोडलेले हिग्ज अवघे साडेअकरा, तेही शोधकयंत्राने एकही न गाळता. गाळणी लावल्यावर मूठभर. मग सर्वसाधारण दोन-फोटॉन आलेख काढून १२५ जवळचा उंचवटा पाहण्यावर समाधान मानले. उंचवटा दिसतो, पण दिसतो हे आधी माहीत असल्यामुळे अधिक चांगला दिसतो, ही विद्यार्थिनीची टिप्पणी मी जशीच्या तशी नोंदवत आहे.

चिन्हाचा प्रश्न इथेही येतो. एकच टॉप आणि हिग्ज असे निर्माण होण्याच्या प्रक्रियेत हिग्ज कधी टॉपमधून, कधी डब्ल्यूमधून निघतो, आणि प्रतिकृतीत हे दोन आयाम एकमेकांना मारतात, म्हणून काटछेद फक्त ७४ फेम्टोबार्नच्या आसपास. चिन्ह उलटे असते तर तो दहापटीहून अधिक वाढला असता. फोटॉनांच्या क्षयातले भांडण आणि इथले भांडण एकाच दोघांचे आहे. इथे लूप नाही, म्हणून साक्ष अधिक स्वच्छ.

८ एप्रिल २०२५

पाढ्यासारखे पाठ केलेले वाक्य आज पुन्हा उघडावे लागले. टॉप हॅड्रॉन बनण्याआधीच मोडतो, हे आम्ही जानेवारीत लिहिले. आणि मार्चअखेर सीएमएसने जाहीर केले, की टॉप-प्रतिटॉप जोडी जेमतेम निर्माण होते त्या ऊर्जेपाशी, ३४५ जीईव्हीच्या जवळ, अपेक्षेहून जास्त जोड्या दिसतात, पाच सिग्माहून अधिक खात्रीने, आणि हा वाढावा टॉप-प्रतिटॉपच्या अर्धवट बद्ध अवस्थेशी जुळतो. कामठीच्या विद्यार्थ्याने फोनवर बातमी दाखवत विचारले, "मग आपण लिहिलेलं चूक का?"

गणित करून पाहिले. ग्लुऑनाचे आकर्षण जवळच्या अंतरावर हायड्रोजनच्या अणूतल्या आकर्षणासारखेच असते, फक्त ताकद कितीतरी मोठी, सुमारे ०.२१. बोरचे जुने सूत्र लावले की बंधनऊर्जा साधारण २ जीईव्ही आणि त्रिज्या ०.०११ फेम्टोमीटर. जोडीतला कोणताही एक मोडला की जोडी मोडली, म्हणून जोडीची रुंदी एकट्या टॉपच्या दुप्पट, सुमारे २.७ जीईव्ही. पातळी आहे, पण ती तिच्या स्वतःच्या खोलीपेक्षा रुंद पसरलेली आहे. म्हणून टोकदार शिखर न दिसता उंबरठ्यापाशी संख्या फुगते. बंधाची चाहूल लागते, संसार होत नाही. वाक्य चूक नव्हते, अपुरे होते. "सामान्य हॅड्रॉन" असा बदल केला.

याच उंबरठ्यावर युग्मन मोजण्याची आणखी एक रीत आहे. सावकाश दूर जाणाऱ्या टॉप आणि प्रतिटॉप यांच्यात हिग्जचीही देवाणघेवाण होते आणि त्याने आकर्षण किंचित वाढते. हिदेकी युकावा यांनी १९३५ मध्ये अणुकेंद्रातल्या बलासाठी मांडलेले विभव अक्षरशः तेच, फक्त वाहक कण हिग्ज. युकावांचे नाव या युग्मनाला का, हे मुलांना आज पहिल्यांदा नीट पटले. आमच्या हिशेबाने त्या विभवाची ताकद, युग्मनाचा वर्ग भागिले ८ गुणिले पाय, ०.०३९ आहे, ग्लुऑनाच्या पाचव्या हिश्शाहून कमी, आणि पल्ला ०.००१६ फेम्टोमीटर, म्हणजे बोर त्रिज्येच्या सातव्या भागाइतका. परिणाम काही टक्क्यांचाच असणार. तरी सीएमएसने २०२० मध्ये याच मार्गाने प्रतिकृतीच्या १.१६ पट असे युग्मन काढले, अनिश्चितता वर ०.२४, खाली ०.३५. यात हिग्जचा क्षय लागत नाही, हे या रीतीचे मोठेपण. पण उंबरठ्यापाशीच बद्ध अवस्थेचा वाढावाही बसलेला असल्याने तिसऱ्या स्तंभात आता लिहिले आहे : ग्लुऑनांच्या आकर्षणाचे गणित उंबरठ्याजवळ पुरेसे ठाऊक आहे असे गृहीत. या गृहीताचे वजन मार्चनंतर वाढले.

२४ एप्रिल २०२५

पारा चाळिशीपार. प्रयोगशाळेतल्या कूलरच्या ताट्या अजून बदललेल्या नाहीत, संगणक दुपारी दोननंतर आपोआप बंद पडतात. काम सकाळी सात ते अकरा. चार टॉप एकाच टकरीत निर्माण होण्याची प्रक्रिया वाचली : २०२३ मध्ये ॲटलसने २२.५ आणि सीएमएसने १७.७ फेम्टोबार्न काटछेद दिला, अपेक्षित आकडा १२ ते १३. यातही हिग्जची देवाणघेवाण होते, पण ग्लुऑनांचा वाटा फार मोठा असल्याने युग्मनावर पकड ढिली. तक्त्यात एक ओळ, बस.

युग्मनात आरशातली बाजू पालटल्यावर चिन्ह बदलणारा भाग मिसळला आहे का, यावर मात्र अर्धे पान लिहिले. घटनांची नुसती संख्या हे सांगत नाही, टॉप आणि हिग्ज कोणत्या कोनांत उडतात ते पाहावे लागते. दोन फोटॉनांत मोडणाऱ्या हिग्जवरून २०२० मध्ये ॲटलसने निव्वळ तसले युग्मन ३.९ सिग्माने आणि सीएमएसने ३.२ सिग्माने नाकारले. थोडी भेसळ असण्याला अजून जागा आहे.

१५ मे २०२५

नागपुरातल्या बर्डीवरून बांधणी होऊन चार प्रती आल्या. तोंडी परीक्षा परवा. विद्यार्थिनीने प्रत चाळता चाळता पान ३१ वर बोट ठेवले. डब्ल्यूच्या आयामापुढचे उणे चिन्ह फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर नेताना गळले आहे. छापील पानानुसार ८.३३ आणि १.८४ यांची बेरीज १०.१७ होते, आणि पुढच्याच ओळीत ती ६.४९ दिली आहे. परीक्षकाने पहिली ओळ खरी मानली तर क्षयरुंदी ९.२ ऐवजी २२.५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट होते.

पुन्हा छापायला वेळ नाही. काळ्या बारीक पेनाने चारही प्रतींत चिन्ह घातले, समासात आज तारखेसह सही केली. कामठीचा विद्यार्थी आता बाकीची सगळी उणे चिन्हे संगणकातल्या मूळ फाइलशी ताडून पाहत बसला आहे. पान १९ पर्यंत ठीक आहेत.